यजमानाचा धर्म आणि कायदा
(खोल्या भाड्याने देणाऱ्या घरमालकांसमोरील भाषण)



बिदर जिल्ह्यातील हुमनाबाद हे पुणे-हैदराबाद महामार्गावरील मुक्कामाचे गाव. जवळच माणिकप्रभूंचे माणिकनगर. मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या उत्सवास महाराष्ट्रातूनही भाविक येतात. दोन-चार दिवसांसाठी खोली देणाऱ्या घरमालकापुढे अशा वेळी एखादा अवघड प्रसंग उभा राहतो : उतारूने खोलीत गांजाची चिलीम पेटविली, तर काय करावे?

एके काळी अनेक प्रांतांत गांजा परवान्याच्या दुकानांत मिळे. कॅनडात २०१८ पासून त्यास कायद्याने मुभा आहे. त्यामुळे कुणी रूढीचा, कुणी परदेशाचा दाखला देतो. भारतात मात्र गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ अन्वये गांजा व चरस निषिद्ध आहेत. गांजाच्या सेवनास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कलम २५ तर थेट घरमालकासाठीच आहे. जाणूनबुजून आपली जागा अशा अपराधासाठी वापरू देणारा त्याच अपराधाच्या शिक्षेस पात्र ठरतो.

म्हणून खोली देतानाच हा नियम स्पष्ट सांगावा, नोंदवहीत नावनिशी लिहावी आणि प्रकार लक्षात येताच पोलिसांस कळवावे. भिडेपोटी केलेली डोळेझाक घरमालकास महाग पडते.

व्यसनी माणसाचा तिरस्कार मात्र नसावा. त्यास १४४४६ हा निःशुल्क मदत-क्रमांक द्यावा. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनास सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद याच अधिनियमात आहे. पाहुण्यास ही वाट दाखविणे, हेही आतिथ्यच होय.