नवख्या सूत्रधाराची साथ

कांहीं विद्या घरांत दार लावून शिकतां येतात. कांहीं मात्र चारचौघांच्या डोळ्यांदेखतच शिकाव्या लागतात. कीर्तनकाराला आपलें पहिलें कीर्तन श्रोत्यांपुढेंच करावें लागतें आणि शिक्षकाला आपला पहिला पाठ भरल्या वर्गापुढेंच द्यावा लागतो. अशा वेळीं शिकणाराचें पुढें काय होणार, हें त्याच्या तयारीइतकेंच समोर बसलेल्यांच्या वागणुकीवर अवलंबून असतें. आजच्या भाषणाचा विषय अशीच एक विद्या आहे. ती खेळांतली आहे, एवढाच काय तो फरक.

गेल्या पन्नास वर्षांत ‘रोल-प्लेइंग गेम’ या नांवाचा एक बैठा खेळ अमेरिकेंतून जगभर पसरला आहे. मुंबई-पुण्याकडील तरुण मंडळींतही तो आतां खेळला जातो. चार-सहा जण टेबलाभोंवतीं बसतात. पुढ्यांत कागद, पेन्सिली आणि फांसे असतात. त्यांतला एक फांसा बहुधा वीस बाजूंचा असतो. प्रत्येक खेळाडू एकेक पात्र घेतो. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी चोर. एकजण मात्र असें एकच पात्र घेत नाहीं. त्याला गेम मास्टर म्हणतात; मराठींत त्याला सूत्रधार म्हणणें सोयीचें होईल. समोर काय दिसतें, तें सूत्रधार वर्णन करून सांगतो. आपलें पात्र काय करतें, तें खेळाडू सांगतात. आणि ज्या कृतीचें फळ अनिश्चित असेल, तिचा निकाल फांशावर लागतो. वाटेंत भेटणारा सरायवाला, दरोडेखोर, राक्षस या सर्वांच्या वतीनें बोलणें सूत्रधाराकडेच असतें. नियमाबद्दल वाद पडला, तर शेवटचा शब्दही त्याचाच. या खेळांत बहुधा कोणी कोणाला हरवीत नाहीं. सर्वांनीं मिळून एक कथा घडवावयाची असते, आणि ती तीन-चार तासांच्या एकेका बैठकीनें महिनोन्‌महिने चालूं शकते.

एवढा भार ज्याच्या शिरावर, तो मनुष्य अनुभवी असावा, असें कोणालाही वाटेल. या खेळाचें मूळ जेथें शोधतात, तेथें तसेंच होतें. प्रशियाच्या सैन्यांत ‘क्रीग्सश्पील’ म्हणजे युद्धखेळ खेळत असत. राइस्विट्झ नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें १८२४ सालीं त्याचे नियम प्रसिद्ध केले. दोन पक्ष आपापले हुकूम देत आणि नकाशावर त्यांचा परिणाम काय झाला, तें पंच ठरवी. नियमांचा बोजा फार झाला, तेव्हां १८७६ सालीं व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्यानें असें सुचविलें कीं, बहुतेक नियम बाजूला ठेवून निकाल पंचाच्या अनुभवावर सोपवावा. ही सूचना चालण्यासारखी होती, कारण तेथील पंच युद्धशास्त्र जाणणारा अधिकारी असे. घरच्या टेबलावरची गोष्ट उलट आहे. खेळावयास सगळे तयार असतात. सूत्रधाराच्या खुर्चीवर बसावयास कोणी धजत नाहीं. म्हणून पुष्कळदां जो भिडस्त किंवा जो हौशी, तोच त्या खुर्चीवर जाऊन बसतो, मग त्यानें त्यापूर्वीं एकही बैठक चालविलेली नसो.

नवख्या सूत्रधाराचे दोष बहुधा ठराविक असतात. तो कथा आधींच शेवटपर्यंत रचून ठेवतो आणि खेळाडूंनीं वेगळी वाट धरली कीं त्यांना ओढून आपल्या वाटेवर आणतो. दर पांच मिनिटांनीं नियमांचें पुस्तक उघडतो. आपल्या आवडत्या एखाद्या पात्राच्या हातून सर्व पराक्रम करवितो आणि खेळाडूंना नुसते प्रेक्षक करून सोडतो. पहिल्याच बैठकींत इतकें धन आणि इतकीं जादूचीं शस्त्रें वांटतो कीं पुढें मिळविण्यासारखें कांहीं उरत नाहीं. ज्याचा आवाज मोठा त्यालाच पुन्हा पुन्हा बोलूं देतो आणि कोपऱ्यांत बसलेल्या मुलीची पाळी विसरतो. या सर्वांच्या मुळाशीं बहुतेक वेळां भीति असते. आठवडाभर खपून जें तयार केलें, तें हातून निसटलें तर पुढें सांगावयास कांहीं उरणार नाहीं, हीच ती भीति.

समजा, सूत्रधारानें डोंगरावरच्या एका पडक्या किल्ल्याची तयारी केली आहे. गांवचा म्हातारा मुख्य खेळाडूंना बोलावतो आणि किल्ल्यांत रात्रीं दिवे दिसतात, असें सांगूं लागतो, तोंच एक खेळाडू म्हणतो, “मी बंदराकडे निघालों.” बंदराविषयीं सूत्रधाराच्या वहींत एक ओळही नाहीं. तो गप्प होतो, पानें चाळतो. अशा वेळीं दहा वर्षें खेळलेला एखादा गडी म्हणतो, “अरे, याची कांहीं तयारीच नाहीं!” सर्व हंसतात, सूत्रधारही कसनुसा हंसतो. बैठक कशीबशी पुरी होते. पण पुढच्या आठवड्यांत त्याला कांहीं काम निघतें, त्याच्या पुढच्या आठवड्यांत दुसऱ्या कोणाला तरी काम निघतें, आणि महिन्याभरांत मंडळ मोडतें. तें कां मोडलें, हें कोणी कोणाला विचारीत नाहीं.

खरा जाणता खेळाडू त्याच प्रसंगीं काय करील? तो आपल्या पात्राच्या तोंडूनच बोलेल: “बंदरावर जाऊंच, पण किल्ल्यांत दिवे कोण लावतो, तें या म्हाताऱ्याकडून ऐकून तरी घेऊं. न जाणो, चोरटा माल बंदरावर उतरून तिकडेच जात असेल!” या दोन वाक्यांनीं सूत्रधाराला दम घ्यावयास वेळ मिळतो, बंदरावर जाऊं इच्छिणाराचाही विरस होत नाहीं, आणि किल्ला व बंदर यांना जोडणारा दुवा आयताच हातीं येतो. मदत झाली, हें टेबलावरच्या कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. कीर्तनांत बुवा अडखळले म्हणजे जुना टाळकरी नामाचा गजर उचलतो, तशांतलाच हा प्रकार.

या साथीचे आणखीही कांहीं संकेत आहेत. खेळ चालूं असतांना सूत्रधाराचा निकाल चुकीचा वाटला, तरी तो सहसा मान्य करावा. बेरजेंत दोनाची चूक झाली म्हणून दहा मिनिटें वाद घातला, तर कथेचा जीव जातो. निकालामुळें एखाद्याचें पात्रच मरणार असेल, तर “हा नियम एकदां पुस्तकांत पाहूं या का?” एवढें विचारावें आणि निर्णय त्याच्यावर सोपवावा. त्याचीं कामें वांटून घ्यावीं: लढाईंत कोणाची पाळी केव्हां, हें एकानें लिहावें; नियम शोधण्याचें काम दुसऱ्यानें पत्करावें; मागच्या बैठकींत काय घडलें, याचें टिपण तिसऱ्यानें ठेवावें. ज्याला बोलण्याची संवय आहे, त्यानें न बोलणाऱ्या खेळाडूच्या पात्राला सल्ला विचारावा, म्हणजे तिची पाळी आपोआप येते. बैठक संपतांना “पुढच्या वेळीं आम्ही बंदरावर जाणार” असें सांगून ठेवावें, म्हणजे सूत्रधाराची आठवडाभराची मेहनत योग्य ठिकाणीं लागते. आणि त्याच्या मनांत वर्षभर चालणारी महाकथा असली, तरी आरंभीं एकाच बैठकींत संपणारी छोटी कथा मागावी. लहान कथेंतील चूक त्याच रात्रीं संपते.

दोष सांगावयाचा तो बैठक उठल्यावर, एकांतांत, आणि एका वेळीं एकच. ज्या मुलाच्या निबंधावर तांबड्या शाईच्या चाळीस खुणा पडतात, तो मुलगा निबंध सुधारीत नाहीं. तो लहान निबंध लिहूं लागतो. म्हणून आधीं काय साधलें, तें नेमकें सांगावें. “छान झालें” या शब्दांनीं नवख्याला कांहीं कळत नाहीं. “सरायवाल्याचें तें घाबरून बोलणें अगदीं खरें वाटलें” या शब्दांनीं कळतें. मग जी उणीव सर्वांत मोठी, ती प्रश्नाच्या रूपानें पुढें ठेवावी: “पुढच्या वेळीं आम्ही भलतीच वाट धरली, तर तुला सोपें जावें म्हणून आम्हीं काय करावें?” अशा प्रश्नानें दोषही कळतो आणि तो दूर करावयास सोबतीही मिळतात.

मात्र या समजूतदारपणालाही मर्यादा आहे. फांशाची बेरीज चुकणें निराळें आणि कथेच्या आडून कोणाचा पाणउतारा करणें निराळें. एखाद्या वर्णनानें कोणाचें मन खरोखर दुखावत असेल, तर बैठक उठण्याची वाट न पाहतां खेळ तेथेंच थांबवावा. अनेक मंडळांत टेबलावर एक्स अक्षर लिहिलेलें एक कार्ड ठेवतात. कथेचा एखादा भाग कोणाला असह्य झाला, तर त्यानें कार्डाला हात लावावा आणि इतरांनीं कारण न विचारतां तो भाग सोडून द्यावा, असा संकेत आहे. पुन्हा पुन्हा सांगूनही सुधारणा होत नसेल, तर स्पष्ट बोलून कांहीं दिवस दुसऱ्यानें खुर्ची घ्यावी. त्या दुसऱ्याचा मान आधीं दोष काढणाराला द्यावा. एक संध्याकाळ त्या खुर्चीवर काढली कीं पुष्कळांची टीका मऊ होते.

नवख्याला एवढें सांभाळून घेण्याचें फळ काय, हें या खेळाच्या इतिहासांतच दिसतें. अमेरिकेंत मिनेसोटा राज्यांतील मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत सैन्याच्या छोट्या प्रतिमा मांडून लढाया खेळणारें एक मंडळ होतें. त्यांतील डेव्हिड वेस्ली यानें १९६९ सालीं एक नवाच बेत केला. ब्राउनस्टाइन नांवाचें एक काल्पनिक जर्मन शहर; काळ नेपोलियनचा. सैन्यें दोनच आणि खेळाडू पुष्कळ, म्हणून कोणाला नगराध्यक्ष केलें, कोणाला पेढीवाला, कोणाला विद्यापीठाचा कुलगुरु. लढाईला तोंड लागण्यापूर्वींच खेळाडू आपापसांत खलबतें करूं लागले. दोघांचें तर द्वंद्वयुद्धच ठरलें. द्वंद्वाचा नियम वेस्लीपाशीं नव्हता; तो त्याला जागच्या जागीं बनवावा लागला. सारा बेत हातचा गेला आणि आपला प्रयोग फसला, असें वेस्लीला वाटलें. पण खेळाडूंनीं त्याला नांवें ठेवलीं नाहींत; पुन्हा असाच खेळ मांड, अशी मागणी त्यांनीं केली.

त्या मंडळांत डेव्ह आर्नेसन होता. १९७१ च्या सुमारास त्यानें हीच रीत पुढें नेऊन ‘ब्लॅकमूर’ ही आपली काल्पनिक भूमि रचली. आणि १९७४ सालीं त्याचा व गॅरी गायगॅक्सचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ तीन लहान पुस्तिकांच्या रूपानें प्रसिद्ध झाला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती एक हजार होत्या. त्या पुस्तिकांवरून नवख्याला खेळ समजणें इतकें अवघड होतें कीं १९७७ सालीं जे. एरिक होम्स यानें सिद्ध केलेला, खास नवशिक्यांसाठीं असलेला संच काढावा लागला. आज जगांत या जातीचे जेवढे खेळ चालतात, त्यांतील बहुतेकांची वंशावळ ब्राउनस्टाइनच्या त्या फसलेल्या बैठकीपर्यंत नेतां येते.

त्या दिवशीं टेबलाभोंवतीं बसलेल्यांनीं वेस्लीच्या फजितीचें हंसें केलें असतें, तर त्यानें पुढचा डाव बहुधा मांडला नसता. त्यांनीं दाखविलेलें औदार्य फार मोठें नव्हतें. झालेल्या घोटाळ्यांत गोडी कोठें आहे, तें त्यांनीं ओळखलें आणि तसें त्याला सांगितलें. तेवढें काम कोणत्याही घरांतील, कोणत्याही टेबलाभोंवतीं बसलेल्या खेळाडूला करतां येण्यासारखें आहे. नवखा सूत्रधार पुस्तकानें थोडा शिकतो, चुकांनीं अधिक शिकतो. पण चुकल्यावर पुन्हा त्या खुर्चीवर बसण्याचें बळ त्याला समोरच्या मंडळींकडूनच मिळतें.