गुप्तरोगाची शंका आणि तपासणीची मुदत

(भंडारा जिल्ह्यातील एका विहारात नवदीक्षित कुटुंबांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय जाहीर होताच काही ज्येष्ठांनी नापसंती दर्शविली, हे मला ठाऊक आहे. विहार ही अशा गोष्टी बोलण्याची जागा नव्हे, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा योग्य तो मान राखून मी एकच स्मरण देतो. १९३४ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक प्रश्नांवर लिहिले एवढ्याने ते लेखन अश्लील ठरत नाही, अशी त्यांची भूमिका होती. तो खटला हरला. पण बाजू खरी होती. ती खरी होती म्हणूनच आज मी येथे उभा आहे.

ज्या रोगाविषयी बोलावयाचे आहे त्याचे नाव क्लॅमिडिया. गरमी आणि परमा हे शब्द आपल्या वाडवडिलांस ठाऊक होते. या रोगास मात्र मराठीत घरगुती नाव नाही. कारण उघड आहे. गरमीचे व्रण दिसतात, परम्याचा पू दिसतो. क्लॅमिडिया हा बहुसंख्य स्त्रियांत आणि सुमारे निम्म्या पुरुषांत कोणतेही लक्षण न दाखविता वास करतो. याच जंतूच्या दुसऱ्या प्रकारांनी डोळ्यांची खुपरी होते. ती आपल्या आजीआजोबांस चांगली माहीत होती. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून तिचे भारतातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली मान्य केले. जननेंद्रियांतील तिचा भाऊबंद मात्र शरीरसंबंधातून पसरतच आहे. तो एका तांब्याने पाणी प्याल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, शेजारी बसल्याने होत नाही. पाण्याच्या विटाळाचे दुःख पिढ्यान्पिढ्या भोगलेल्या समाजाने आपल्याच घरातल्या रोग्यास विटाळ लावावा, हे मला असह्य वाटते. म्हणून हे आधी सांगितले.

उपचाराविना राहिला तर हा जंतू स्त्रीच्या गर्भाशयमुखातून वर सरकतो व गर्भनलिकांस सूज आणतो. नलिका बुजल्या की मूल राहत नाही. किंवा गर्भ नलिकेतच रुजतो आणि आईच्या जीवावर बेततो. बाळंतपणात तो बाळाच्या डोळ्यांस व फुप्फुसांस लागू शकतो. पुरुषाच्या वृषणाजवळ सूज येते. पण गाव ‘वांझ’ म्हणते ते स्त्रीलाच, आणि दुसरे लग्न ठरते ते पुरुषाचे.

आपल्या लाखांदूर तालुक्याला लागूनच गडचिरोली जिल्हा आहे. तेथील दोन खेड्यांत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचा वृत्तांत १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १०० पैकी ९२ स्त्रियांस एक ना एक स्त्रीरोग वा लैंगिक रोग होता. पूर्वी कधी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया १०० मागे केवळ ८. आणि मला सर्वांत बोलका वाटतो तो तिसरा आकडा: १०० पैकी ४५ स्त्रियांची काहीच तक्रार नव्हती. म्हणजे ‘मला काही होत नाही’ हे म्हणणे पुरावा म्हणून टिकत नाही. हे आकडे सर्व रोगांचे मिळून आहेत, केवळ क्लॅमिडियाचे नव्हेत. पण रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकलेली बाई अंगावरून पांढरे जाणे हे बाईच्या जातीचे भोगणेच समजते, हे भंडाऱ्यात काय नि गडचिरोलीत काय, सारखेच आहे.

आता मुख्य मुद्दा. असुरक्षित संबंध आला आणि मनात शंका शिरली, तर तपासणी कोणत्या दिवशी करावी? घाबरलेला मनुष्य दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेत जातो, ‘दोष आढळला नाही’ असा कागद मिळवतो आणि निर्धास्त घरी येतो. घात होतो तो येथेच. जंतू शरीरात शिरला तरी नमुन्यात सापडण्याइतका वाढावयास त्यास काही दिवस लागतात. कारण उद्भवण्यापूर्वी दाखल केलेला दावा न्यायालय अकाली म्हणून काढून टाकते. त्याचा अर्थ हक्कच नव्हता असा होत नाही. अकाली तपासणीचेही तसेच. म्हणून संबंधाच्या तारखेपासून दोन आठवडे पूर्ण झाल्यावर तपासणी करावी, आणि त्यापूर्वी केली असेल व दोष आढळला नसेल तर दोन आठवड्यांनंतर ती पुन्हा करावी. तोपर्यंत संबंध टाळावा, निदान निरोध वापरावा.

परंतु दोन आठवड्यांचा हा नियम वाट पाहत बसण्याची सबब होऊ नये. लघवीला जळजळ, स्राव, ओटीपोटात दुखणे, पाळीखेरीज रक्त जाणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ही लक्षणे बहुधा एक ते तीन आठवड्यांत दिसतात, आणि दिसलीच नाहीत म्हणून शंका फिटली असेही नव्हे. ज्याच्याशी संबंध आला त्यास रोग असल्याचे निश्चित कळले, तरीही थांबू नये. डॉक्टर तपासणीबरोबरच उपचार सुरू करतात. गरोदर स्त्रीने तर शंका येताच सांगावे.

आणि बलात्कार झाला असेल तर दिवस मोजू नयेत, तास मोजावे. एच.आय.व्ही.चा प्रतिबंध करणारे औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते, जितके लवकर तितके बरे, आणि ते २८ दिवस घ्यावे लागते. अशा पीडितेस विनामूल्य उपचार देणे सरकारी व खाजगी, दोन्ही रुग्णालयांवर बंधनकारक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ चे कलम ३९७ तसे सांगते, आणि उपचार नाकारणे हा गुन्हा आहे. ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ असे कोणी म्हटले तर हे कलम त्यास ऐकवावे. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर पोलिसांस कळविणे डॉक्टरास भागच आहे, तरी उपचार त्यासाठी अडवून ठेवता येत नाही. क्लॅमिडियाची तपासणी तेव्हा निर्दोष आली तरी दोन आठवड्यांनी पुन्हा करावीच.

एच.आय.व्ही. आणि गरमी यांची मुदत मात्र निराळी आहे. रक्ताची तपासणी आज झाली तरी सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी लागते. दोन आठवड्यांच्या एका कागदावर सर्व रोगांचा निकाल लागला असे समजू नये.

तपासणी कसली, तेही पाहिले पाहिजे. क्लॅमिडियाची खरी तपासणी जंतूचे जनुकीय द्रव्य शोधणारी असते. पुरुषाने तासभर लघवी न करता मग पहिल्या धारेचा नमुना द्यावा; नेहमीच्या लघवीच्या तपासणीसाठी मधली धार घेतात, ती येथे चालत नाही आणि त्या नेहमीच्या तपासणीत हा जंतू दिसतही नाही. स्त्रीचा नमुना योनिमार्गातून कापसाच्या काडीने घेतात. तो तिला स्वतःस घेता येतो, तेव्हा पुरुष डॉक्टरासमोर संकोच वाटणाऱ्या भगिनींनी तेवढ्यासाठी मागे राहू नये. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी या रोगासाठी कोणी पैसे घेऊन करू म्हणेल तर नम्रपणे नको म्हणावे. ताज्या संसर्गाचा निर्णय तिने लागत नाही.

जनुकीय तपासणी खेड्यात मिळत नाही, हे मी जाणतो. सरकारी रुग्णालयांतील लैंगिक आजारांच्या विभागांत, ज्यांस सुरक्षा क्लिनिक म्हणतात, बहुधा लक्षणांवरून उपचार करतात आणि औषध विनामूल्य देतात. ज्यास लक्षणच नाही तो या पद्धतीत निसटतो. त्याने एकच गोष्ट करावी: संबंध केव्हा आला, ती तारीख डॉक्टरास स्पष्ट सांगावी. त्यावरून तपासणीसाठी कोठे पाठवावे वा उपचार द्यावा काय, हे डॉक्टर ठरवील. १०९७ या विनामूल्य दूरध्वनीवर नाव न सांगता विचारता येते.

उपचार सोपा आहे. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. गरोदर स्त्रीस ते देत नाहीत, तिला अॅझिथ्रोमायसिन देतात. औषध अर्थातच डॉक्टराच्या सांगण्यावरूनच घ्यावे. मागील ६० दिवसांतील जोडीदारासही उपचार हवा, आणि दोघांचाही पूर्ण होईपर्यंत संबंध नको. नाहीतर बरा झालेला पुन्हा आजारी पडतो. उपचारानंतर चार आठवड्यांच्या आत पुन्हा तपासले तर मेलेल्या जंतूंचे अवशेषही दोष दाखवितात आणि विनाकारण भांडण पेटते. तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. गरोदर स्त्रीची एक तपासणी चार आठवड्यांच्या सुमारासही करतात.

भांडणाचा उल्लेख झाला, म्हणून आता माझ्या धंद्याविषयी. असे अहवाल वकिलाच्या मेजावर येतात ते आरोपपत्राच्या थाटात. सून पहिल्या गरोदरपणात तपासली जाते म्हणून दोष प्रथम तिच्या कागदावर उमटतो. मुलाची तपासणी कोणी केलेलीच नसते, आणि सासर म्हणते, ‘हिने आणला.’ बंधुभगिनींनो, तो अहवाल जंतू आहे एवढेच सांगतो. तो कोणी आणला आणि कधी आणला हे सांगत नाही. हा संसर्ग महिनोन्महिने, कधी वर्षाहून अधिक काळ, निमूट राहू शकतो. लग्नापूर्वीचाही असू शकतो, त्याचा वा तिचा. व्यभिचाराचा पुरावा म्हणून हा कागद पुढे करणाऱ्या पक्षकारास मी तसे स्पष्ट सांगतो, आणि काही पक्षकार दुसऱ्या वकिलाकडे जातात.

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ हा कलम २ अन्वये बौद्धांसही लागू आहे, आपणांस आवडो वा न आवडो. त्याच्या कलम १३ मध्ये संसर्गजन्य स्वरूपातील गुप्तरोग हे घटस्फोटाचे एक कारण आहे. १९७६ पूर्वी तो रोग तीन वर्षे असावा लागे. ती अट गेली. माझ्या मते सात दिवसांच्या गोळ्यांनी बरा झालेला रोग ‘संसर्गजन्य स्वरूपातील’ राहत नाही, आणि त्यावर संसार मोडावयास निघालेल्याने आधी स्वतःची तपासणी करून यावे. डॉक्टराने रोग्याचे गुपित राखावे, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे. सासऱ्याने वा दिराने मागितला म्हणून सुनेचा कागद त्यांस देता येत नाही. परंतु गुप्ततेच्या या हक्काआड लपून जोडीदारास धोक्यात ठेवणेही न्याय्य नव्हे; १९९८ साली एच.आय.व्ही.च्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नियोजित वधूच्या आरोग्याचा हक्क रोग्याच्या गुप्ततेहून वरचढ मानला होता.

तेव्हा नवराबायकोने एकाच दिवशी, एकाच खेपेस जावे, हा माझा सल्ला वैद्याचा नसून वकिलाचा आहे. दोन कागद एका तारखेचे असले की एकावर बोट ठेवणे कठीण जाते.

सभा संपल्यावर परिचारिका भगिनी आतल्या खोलीत थांबणार आहेत. ज्यांस चारचौघांत विचारणे जमत नाही, त्यांनी तेथे जावे. पुरुषांनी माझ्याकडे यावे.

जयभीम.