पहिल्या मिनिटाचे चित्र

श्रोतेहो, जी वस्तू डोळ्यांनी पाहावयाची, तिच्याविषयी आज मला केवळ आपल्या कानांशी बोलावयाचे आहे. डॉक्टर, परिचारिका आणि सुईणी यांच्या शिक्षणासाठी छोटे ॲनिमेशनपट कसे रचावेत, हा माझा विषय. हलती चित्रे म्हटली की आपल्याला उंदीर-मांजरांची पळापळ आठवते. परंतु याच कलेने १९४३ साली, वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रशाळेतून, हिवतापाच्या डासाविरुद्ध लोकांना जागे केले होते. मात्र लोकांना जागे करणे निराळे आणि ज्यांच्या हाती रुग्णाचे प्राण असतात त्यांना शिकविणे निराळे. पहिल्या कामी अतिशयोक्ती शोभते. दुसऱ्या कामी ती घातक ठरते.

एकच उदाहरण घेऊ. मूल जन्मले, पण श्वास घेईना. अशा वेळच्या पहिल्या साठ सेकंदांना वैद्यक ‘सुवर्ण मिनिट’ म्हणते. तेवढ्या अवधीत बाळाला कोरडे करून ऊब द्यावयाची, गरज असल्यास तोंड व नाक साफ करावयाचे, पाठ चोळावयाची. आणि एवढे करूनही श्वास सुरू झाला नाही, तर मास्क लावून ॲम्बू बॅगने फुप्फुसांत हवा भरावयाची. हे कौशल्य प्रसूतिगृहांतून सर्वत्र पोहोचावे म्हणून भारत सरकारने २००९ साली नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू केला. परंतु लहान रुग्णालयात असा प्रसंग क्वचितच येतो, आणि वापर नसला की शिकलेली विद्या हातातून निसटते. रात्रपाळीपूर्वी मोबाइलवर पाहता येईल अशा दोन मिनिटांच्या चित्रपटाचे मोल येथे आहे.

मग प्रत्यक्ष प्रसंगच कॅमेऱ्याने का टिपू नये? कारण कॅमेऱ्याला आतले दिसत नाही. बाळाची मान पुढे झुकली की श्वासमार्ग मुडपतो; फार मागे नेली तरी तो अरुंद होतो; किंचित मागे ठेवली म्हणजे मोकळा होतो. हा फरक बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षात येणे कठीण. चित्रकार मात्र बाळाचे मस्तक एका बाजूने उघडे करून दाखवितो, आणि तीन रेखाचित्रांत सारे उमगते. जन्मापूर्वी फुप्फुसांत भरलेला द्रव मागे सरून तेथे हवा कशी शिरते, हेही चित्रच दाखवू शकते.

पण या सामर्थ्यातच धोका आहे. डौलदार रेषेच्या मोहाने चित्रकाराने मान थोडी अधिक वळविली, किंवा मास्कची कड डोळ्यांवर आणली, तर पाहणारे शेकडो हात तेच करतील. पुस्तकातल्या वाक्याविषयी वाचकाला शंका येते. चित्राविषयी सहसा येत नाही. म्हणून पहिली कच्ची चित्रे पेन्सिलीने उतरत असतानाच बालरोगतज्ज्ञ आणि अनुभवी परिचारिका चित्रकाराशेजारी बसली पाहिजेत. रंग भरल्यावर दाखविलेली चूक महाग पडते, आणि महाग पडते म्हणून तशीच राहते.

तीच गोष्ट काळाची. बॅग मिनिटाला सुमारे ४० वेळा दाबावयाची. म्हणजे दर दीड सेकंदाला एकदा. सेकंदाला २४ चित्रे धावत असतील, तर एका श्वासाच्या वाट्याला ३६ चित्रे येतात. प्रसंग रंगावा म्हणून चित्रकाराने हा वेग वाढविला, तर तो घाई शिकवील. ‘दाबा, दोन, तीन’ अशी निवेदकाची लय आणि चित्रातल्या हाताची लय एकच हवी. बाळाची छाती उचलली जाते की नाही, हे पाहावयाचे असते. तेव्हा त्या क्षणी पडद्यावर हात आणि छाती यांखेरीज काहीही हलू नये. संगीतानेही त्या वेळी गप्प बसावे.

भाषेचेही असेच. ‘ग्रीवेचे अल्प प्रसरण’ असे म्हणण्याऐवजी ‘मान किंचित मागे’ म्हटले की हात तत्काळ वळतो. चित्रावर अक्षरांची गर्दी करू नये. डोळा वाचू लागला की पाहणे थांबवितो. शिवाय अक्षरे नसली, तर केवळ आवाज बदलून तेच चित्र बडोद्याला गुजरातीत, भोपाळला हिंदीत आणि धारवाडला कानडीत शिकवू शकते. आपल्या बहुभाषी देशाला ही सोय थोडी नाही.

तरीही, श्रोतेहो, चित्र पाहून पोहता येत नाही. मास्क किती घट्ट धरावा, बॅग किती हलक्या हाताने दाबावी, हे बोटांनाच शिकावे लागते. म्हणून अशा चित्रपटाने शेवटी प्रेक्षकाला आपल्यापासून उठवून सरावाच्या बाहुलीकडे पाठवावे. चित्रे सुंदर होती, अशी वाहवा मिळाली नाही तरी चालेल. पुढे एखाद्या रात्री, वीज गेलेल्या खोलीत, टॉर्चच्या उजेडात परिचारिकेने बाळाची मान नेमकी तेवढीच मागे ठेवली, म्हणजे चित्रकाराचे काम झाले.