दुखण्याची नोंद, फक्त आपल्यापुरती

आजचा विषय थोडा तांत्रिक आणि बराचसा खासगी आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वय अठ्ठावीस, आणि कॉलेजपासून मला अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन आहे. ज्यांचं काही ना काही सतत दुखतं, त्यांच्यासाठी हा भाग.

डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "महिन्यातून किती दिवस दुखतं?" आपण म्हणतो, "असंच, अधूनमधून." पण उपचार या आकड्यावर ठरतात. तीन महिन्यांहून जास्त काळ महिन्याला १५ किंवा अधिक दिवस डोकं दुखत असेल, आणि त्यातल्या किमान ८ दिवशी मायग्रेनची लक्षणं असतील, तर ते क्रॉनिक मायग्रेन.

दुसरा आकडा गोळ्यांचा. पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान गटातली १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. इथे गोळ्या नाही, गोळी घेतलेले दिवस मोजायचे.

माझी नोंद रोज एक ओळ असते. तारीख, तीव्रता शून्य ते दहा, किती तास, मळमळ झाली का, उजेड सहन झाला का, कुठली गोळी, झोप, पाळी, आणि दुखण्यामुळे काय अडलं. न दुखलेल्या दिवशीही शून्य लिहायचं. रिकामा रकाना म्हणजे दुखलं नाही की लिहायचं राहिलं, हे नंतर कळत नाही. आणि ऐन ठणक्यात स्क्रीनकडे बघवत नाही, तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर नुसती एक खूण. बाकीचं दुसऱ्या दिवशी भरायचं.

आता खासगीपणाचं. घरी माझ्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. "डोक्याचं कुठे बोलू नकोस," असं मावशीने बजावलंय. ऑफिसात पुढच्या प्रोजेक्टची नावं ठरतायत. कुणाला सांगायचं आणि कधी, हे मला ठरवायचंय, एखाद्या अ‍ॅपने नाही.

ही भीती उगाच नाही. फ्लो हे पाळीच्या नोंदींचं अ‍ॅप. माहिती खासगी ठेवू असं सांगूनही त्याने ती फेसबुक, गूगलसारख्या कंपन्यांच्या अ‍ॅनालिटिक्सकडे जाऊ दिली, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केला. २०२१ मध्ये त्यावर तडजोड झाली. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहे, पण त्यात आरोग्याच्या माहितीसाठी वेगळा, जास्त कडक वर्ग नाही. त्यामुळे माहिती बाहेर जाऊच न देणं बरं.

अ‍ॅप घेताना चार गोष्टी बघा. एक, फ्लाइट मोडवर ते चालतं का. नाही चाललं, तर नोंदी बहुतेक दुसऱ्याच्या सर्व्हरवर आहेत. चाललं तरी निर्धास्त होऊ नका. अँड्रॉइडवर इंटरनेटची परवानगी तुम्हाला न विचारताच मिळते. दोन, खातं उघडायची सक्ती आहे का. तीन, सगळ्या नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये बाहेर काढता येतात का. चार, बॅकअप कुठे जातो. आणि रिमाइंडरचा मजकूर बदला. लॉक स्क्रीनवर "आज डोकं कसं आहे?" शेजारच्यालाही दिसतं, "नोंद" एवढंच पुरे.

मी स्वतः लॅपटॉपवर लिब्रेऑफिसची शीट वापरते, पासवर्ड लावून सेव्ह केलेली. फाइल एन्क्रिप्ट होते. पण पासवर्ड विसरलात तर ती उघडून देणारं कुणी नाही, म्हणून तो पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा, आणि फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर.

तीन महिन्यांत माझे दिवस निघाले १६, १५ आणि १७. तेवढं एक पान छापून डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी रोज घ्यायचं प्रतिबंधक औषध सुरू केलं आणि ठणक्याच्या गोळीला महिन्याची मर्यादा घालून दिली. डॉक्टरांना अख्खी फाइल लागत नाही. एक पान पुरतं.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. दिवसाला एक मिनिट, त्याहून जास्त नाही. दिवसभर दुखणं मोजत बसलं की तेच डोक्यात राहतं. आणि अचानक, आजवर कधीच नव्हतं इतकं भयंकर डोकं दुखलं, बोलणं अडखळलं, हातापायातली ताकद गेली, तर नोंद करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

पहिली ओळ आज रात्रीच लिहा. शून्य असेल, तर शून्य लिहा. भेटूया पुढच्या भागात.