हलका हात आणि सुती पट्टी



सुरगाण्यासारख्या डोंगराळ तालुक्यातील कर्करुग्ण उपचारांसाठी वणी-दिंडोरीमार्गे नाशिकला, प्रसंगी मुंबईलाही जातो. परंतु आजाराचे अखेरचे महिने बहुधा स्वतःच्या घरातच काढतो. त्या दिवसांत वेदनेबरोबरच अनेकांना सूजही गांजते. स्तनाच्या कर्करोगात काखेतील ग्रंथी काढल्या अथवा तेथे किरणोपचार झाले, म्हणजे हातातील लसिका या द्रवाची परतीची वाट अडते. हात जड होतो, कातडी ताणते, बांगडी चढत नाही.

अशा वेळी घरातील माणसे तेल कोमट करून हात रगडू लागतात. माया खरी, पण रीत चुकीची. लसिकेच्या सूक्ष्म वाहिन्या कातडीच्या लगेच खाली असतात. जोर दिला की त्या दबतात. डेन्मार्कचे एमिल व्होडर यांनी १९३० च्या दशकात बसविलेल्या पद्धतीत हात इतका हलका चालतो की कातडी केवळ सरकावी. आणि आरंभ होतो तो मानेपासून व निरोगी बाजूपासून. पुढची वाट मोकळी झाल्यावाचून मागचे पाणी जाणार कोठे?

सुगंधी तेलांचा आज मोठा बोलबाला आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका अभ्यासात काही रुग्णांना सुगंधी अर्क मिसळलेले, तर काहींना बिनवासाचे मलम मसाजासाठी दिले गेले. थोडा उतार दोन्हीकडे पडला. सुगंधाने अधिक काही साधले नाही. सुवासाने मन निवते हे खरे. मात्र केमोथेरपीने मळमळणाऱ्याला तोच वास नकोसा होतो आणि निर्भेळ अर्क नाजूक त्वचेला जाळतो. साधे खोबरेल पुरे.

उतरलेली सूज टिकते ती मात्र कापडामुळे! त्यासाठी कमी ताणाची सुती पट्टी लागते. फार ताणणारी लवचिक पट्टी विसाव्यातही आवळत राहते. कमी ताणाची पट्टी विसाव्यात सौम्य असते आणि हात हलताच स्नायूंना आधार देऊन द्रव पुढे ढकलते. आत कापसाचा थर, बोटांकडे घट्ट, वर जाताना सैल. ही गुंडाळणी कापडात आयुष्य घालविलेल्यालाही नवीच. ती जाणकार फिजिओथेरपिस्टकडूनच शिकावी.

हात लाल व गरम होऊन ताप आला, वा एक पाय अचानक सुजून दुखू लागला, तर मसाज थांबवून डॉक्टर गाठावा. जंतुसंसर्ग किंवा रक्ताची गुठळी असू शकते. गाठीवर, जखमेवर हात फिरवू नये. अखेरच्या आठवड्यांत दोन्ही पायांवर येणारी सूज पुष्कळदा रक्तातील प्रथिने घटल्याची असते. ती चोळून उतरत नाही. तेथे पायाखाली उशी द्यावी आणि जवळ बसावे.

मुंबईत वांद्र्याला डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ साली अशा रुग्णांसाठी देशातील पहिले शुश्रूषागृह, शांति अवेदना सदन, उभारले. पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र १९९७ पासून आहे. दोन्हीकडे मोल घेत नाहीत. पुण्याच्या केंद्रात नातलगालाही सोबत ठेवून शुश्रूषा शिकवितात, आणि सुरगाण्यातील घराला अधिक उपयोग त्या शिकवणीचाच. परतल्यावर शिंप्याची फीत घ्यावी, दर आठवड्याला एकाच जागी हाताचा घेर मोजावा, आकडा वहीत टिपावा. पुढच्या खेपेस डॉक्टरांपुढे ती वही ठेवता येते.