देऊळ सर्वांचे, मान सर्वांचा
(जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभातील भाषण)



जुने देऊळ पडझडीला आले होते. ते आज नवे होऊन उभे आहे. कोणी रोख रक्कम दिली, कोणी सिमेंटची पोती दिली, कोणी आठ-आठ दिवस अंगमेहनत केली. या शुभप्रसंगी एका गोष्टीचा विचार अगत्याने व्हावा. देऊळ बांधून झाले. ते सर्वांचे झाले का?

पंढरपुरास महाद्वारी नामदेवांच्या पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे. इ. स. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम चालू असता ते कोसळून चोखोबांना मरण आले, असे परंपरा सांगते. इतरांच्या भिंती बांधणाऱ्या या थोर भक्ताला देवळात मात्र पाऊल टाकता येत नव्हते. पुढे सहाशे वर्षे हीच रीत चालली.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो पुढे काही वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. नंतर साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा काढला आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरास उपोषण आरंभिले. दहा मे रोजी ते सुटले आणि विठ्ठलाचे दार हरिजनांना खुले होण्याचा मार्ग मोकळा झाला. गुरुजींनी प्राण पणाला लावले ते कोणाशी वैर म्हणून नव्हे, तर विठोबाची सर्व लेकरे त्याच्या पायाशी यावीत म्हणून.

जे संतांनी सांगितले त्याला पुढे कायद्याचे बळ मिळाले. भारतीय राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आली. तिच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. पंधराव्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली. दुकान, विहीर, तलाव, घाट, रस्ता यांचा वापरही त्यात आला. १९५५ साली अस्पृश्यता गुन्हे अधिनियम झाला. १९७६ साली तो कडक करून त्यास नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नाव देण्यात आले. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणास देवळात येण्यास किंवा पूजा करण्यास अडविले, तर एक महिना ते सहा महिने कैद आणि दंड अशी शिक्षा त्यात आहे. पाणवठा, स्मशान, धर्मशाळा, एवढेच काय, धार्मिक मिरवणुकीत सामील होणे, यांसही अडथळा करता येत नाही.

पुढे १९८९ साली अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांना प्रतिबंध करणारा कायदा झाला. २०१६ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने त्यात देवळात येण्यास अडविणे, नवरदेवाला घोड्यावर बसू न देणे, हेही गुन्हे ठरले. त्याच वर्षी शनिशिंगणापूरच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, देवळात जाणे हा स्त्रियांचाही हक्क आहे व तो राखणे शासनाचे कर्तव्य आहे. त्या पाडव्याला तेथील चौथरा सर्वांना खुला झाला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. जातपंचायतीने एखाद्या कुटुंबास वाळीत टाकले, तर तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

तथापि बंधुभगिनींनो, कायदा दार उघडू शकतो. आत आलेल्या माणसाला 'या, बसा' म्हणणे कायद्याला जमत नाही. ते गावाने करावयाचे असते. अडविणे उघड असते, म्हणून ते फिर्यादीत लिहिता येते. महाप्रसादाच्या पंगतीत एक ओळ हळूच बाजूला बसविली जाते, कोणाच्या हातात प्रसाद वरून टाकला जातो, पालखी एका आळीच्या तोंडाशी येऊन मागे वळते, याची फिर्याद बहुधा कोणी देत नाही. ज्याला गावातच रोज राहावयाचे आहे, तो गप्प बसतो. त्याचे गप्प बसणे म्हणजे त्याची संमती नव्हे.

म्हणून या नव्या देवळात पहिल्या दिवसापासून चार गोष्टी पाळल्या जाव्यात. पंगत एकच असावी आणि वाढपी सर्व आळ्यांतले असावेत. पालखी प्रत्येक आळीत जावी व तिला प्रत्येकाचा खांदा लागावा. व्यवस्थापन समितीत सर्व समाजांची माणसे आणि स्त्रियाही असाव्यात. ज्याला वर्गणी देता आली नाही, त्याचा मान देणाऱ्याइतकाच असावा; कारण फलकावर नाव दात्याचे लागते, पण देव काही फलक वाचून दर्शन देत नाही.

परस्परांचा मान राखणारे गाव कज्जेखटल्यांपासून दूर राहते, तेथे शाळा चालते, सोसायटी चालते, उत्सवही चालतो. कळस गावाच्या वर दिसतो, पण तो पायाच्या दगडांवर उभा असतो. त्या दगडांत वरचा-खालचा असा भेद कोणी करीत नाही. एक निसटला तरी भिंतीला तडा जातो.

श्रींच्या कृपेने या गावाच्या भिंतीला असा तडा कधी न जावो, हीच प्रार्थना.

जय हिंद! जय महाराष्ट्र!