मालमोटारीचा मागचा आंस : दुरुस्ती कीं बदल ?

तिरोडा तालुक्यांतील बोदलकसा म्हटलें कीं डोळ्यांपुढें प्रथम तलाव उभा राहतो. १९१७ सालीं पुरा झालेला तो बांध, सभोंवतालच्या टेकड्या व झाडी, आणि पाण्याच्या आशेवर पिकणारें धान, हें त्या बाजूचें चित्र सर्वश्रुत आहे. परंतु बांधींत पिकलेलें धान स्वतःच्या पायांनीं गिरणीकडे चालत जात नाहीं. एके काळीं तें बंडीनें जाई. आज तें मालमोटारीनें जातें. दिवाळीनंतर मळणी आटोपली कीं तिरोडा व गोंदिया येथील भातगिरण्यांकडे कट्ट्यांनीं भरलेल्या मोटारी धांवूं लागतात, आणि उन्हाळ्यांत त्याच मोटारींच्या पाठीवर तेंदूच्या पानांचीं पोतीं चढतात. ह्या सर्व व्यवहाराचा भार ज्याच्यावर पडतो, त्या मागच्या आंसाची आठवण मात्र तो मोडेपर्यंत कोणासहि होत नाहीं.

ह्या गांवच्या एका मालकाची कल्पना करावी. वडिलांनीं घेतलेली सहा चाकांची जुनी मालमोटार हेंच त्याचें शेत आणि हीच त्याची पेढी. हंगाम ऐन भरांत आहे. पहांटे भरलेली गाडी चढाला लागते, मागून कडाडून आवाज येतो, इंजिन फिरत राहतें, पण गाडी जागची हलत नाहीं. चालक खालीं उतरतो, चाकांना दगड लावतो आणि मालकाला निरोप धाडतो, "भाऊ, शाफ्ट गेला." दोन वर्षांत हा तिसरा शाफ्ट; आणि तिन्ही वेळां डाव्या बाजूचाच.

मिस्त्री येतो आणि म्हणतो, "नवा शाफ्ट टाकतों भाऊ, दुपारीं गाडी रस्त्यावर." मेहुणा शेजारीं उभा असतो. तो म्हणतो, "भाऊजी, चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला किती दिवस करणार ? सगळा आंसच बदला, नाहीं तर गाडी भंगारांत घाला." दोघेहि हितचिंतकच. एकाच्या मतें अर्ध्या दिवसाचें काम, दुसऱ्याच्या मतें आठवड्याचें. आणि मालकाच्या खिशांत पैसा आहे तो धान पोंचल्यावर मिळावयाच्या भाड्याचा, म्हणजे अद्यापि न आलेला. अशा वेळीं निर्णय कसा करावा ?

प्रथम आंस म्हणजे काय हें नीट समजून घेतलें पाहिजे. बंडीचा आंस हा एक साधा दांडा. तो स्वतः फिरत नाहीं, त्याच्या टोकांवर चाकांचे तुंबे फिरतात. मालमोटारीच्या मागच्या आंसांत मात्र तीन निरनिराळ्या वस्तु एकत्र नांदतात. पहिली वस्तु म्हणजे बाहेरचें पोकळ पोलादी कवच, ज्याला कारागीर हाऊसिंग म्हणतात. पाट्यांवरून येणारें सर्व ओझें हें कवच झेलतें व बेअरिंगांच्या द्वारें चाकांवर सोंपवितें. दुसरी वस्तु म्हणजे मधला दांतेरी चाकांचा गोळा. त्यांत पिनियन नांवाचें लहान चाक क्राऊन नांवाच्या मोठ्या चाकास फिरवितें. लहानाला ६ आणि मोठ्याला ४१ दांत असले, तर लहान चाक जवळजवळ सात वेळां फिरावें तेव्हां मोठें एकदां फिरतें, आणि त्या मानानें ओढण्याचें बळ वाढतें. त्याच गोळ्यांत डिफरन्शियल असतें, ज्याच्या योगानें वळणावर बाहेरचें चाक आंतल्या चाकापेक्षां अधिक वेगानें फिरूं शकतें. पेकर नांवाच्या फ्रेंच कारागिरानें वाफेच्या गाडीसाठीं ही युक्ति १८३० पूर्वींच योजिली होती. तिसरी वस्तु म्हणजे दोन्ही बाजूंचे शाफ्ट. जड मालमोटारींत शाफ्टवर ओझें मुळींच नसतें. त्यानें केवळ पीळ सोसावयाचा असतो. म्हणूनच चाक न काढतां तुटलेला शाफ्ट बाहेर ओढतां येतो, आणि म्हणूनच तो मोडला तरी चाक निखळून पडत नाहीं.

एवढें ध्यानांत आलें कीं एक प्रश्न आपोआप उभा राहतो. ज्या शाफ्टवर ओझें नाहीं, तो एकाच बाजूला पुनःपुन्हां कां मोडतो ?

ह्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं जगाला मोठी किंमत द्यावी लागली आहे. ८ मे १८४२ रोजीं फ्रान्समध्यें व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आंस मोडला, मागचे डबे एकमेकांवर चढून पेटले आणि पन्नासांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. चांगला भक्कम दिसणारा आंस एकाएकीं कसा मोडतो, ह्याचा शोध तेव्हांपासून नेटानें सुरू झाला. पुढें जर्मनींतील रेल्वेचे इंजिनियर व्होलर ह्यांनीं १८७० पर्यंत प्रयोगांमागून प्रयोग करून दाखविलें कीं, जें ओझें पोलाद एकदां सहज सोसतें, तेंच ओझें लक्षावधि वेळां उलटसुलट पडलें तर पोलाद थकतें. एक केसासारखी चीर पडते, ती हळूहळू आंत सरकते, आणि उरलेला भाग अपुरा पडला कीं एका क्षणांत सर्व तुटतें.

आतां मालमोटारीच्या चाकाचा हिशेब पाहावा. एक मीटर व्यासाचें चाक एका किलोमीटरला तीनशेंहून अधिक वेळां फिरतें. शंभर किलोमीटरांच्या एका खेपेंत तीस हजार फेरे झाले. कवच सरळ असेल तर ह्या फेऱ्यांत शाफ्टला वांक बसत नाहीं. पण कवच ओझ्यानें किंचित् वांकलें असेल, तर चाकाचा मध्य आणि गोळ्याचा मध्य एका रेषेंत राहत नाहीं. आणि मग प्रत्येक फेऱ्याला शाफ्ट एकदां इकडे आणि एकदां तिकडे वांकविला जातो. तार हातांत धरून मागेंपुढें वांकविली कीं ती तुटते, हें लहान मुलाला देखील ठाऊक आहे. डाव्या बाजूचे तीन शाफ्ट त्याच रीतीनें तुटलेले असणें संभवतें. अपराध शाफ्टचा नसून घराचा असतो. भाडेकरू मात्र बदलले जातात.

म्हणून शहाण्या मालकानें प्रथम तुटलेला तुकडा हातीं घ्यावा आणि त्याचें तोंड पुसून उजेडांत पाहावें. सगळें तोंड ताजें, चकचकीत व पिळवटलेलें असेल, तर शाफ्ट एका झटक्यानें गेला. खड्डा, चढ किंवा चालकाचा उतावळा पाय ह्यांस दोष द्यावा. परंतु तोंडाचा कांहीं भाग गुळगुळीत, काळवंडलेला, त्यावर पाण्याच्या लाटांसारख्या रेषा, आणि उरलेलाच भाग खडबडीत व उजळ असा दिसला, तर ती चीर फार दिवसांची आहे हें निश्चित समजावें.

ह्या मालकाच्या हातांतील तुकडा दुसऱ्या जातीचा आहे. तो मिस्त्रीला विचारतो, "मिस्त्रीकाका, शाफ्ट राहूं द्या. आधीं घर सरळ आहे कां तें पाहूं." मिस्त्री क्षणभर थांबतो. हंगामांत त्याच्या दारीं चार गाड्या उभ्या आहेत. तरी तो मान डोलावतो, कारण तोहि जाणता आहे. आजवर त्याला कोणी विचारलें नव्हतें इतकेंच.

तपासणीचा क्रम असा असावा. माल उतरून गाडी सपाट जागीं घ्यावी, पुढच्या चाकांना पाचर लावावी, आणि सांगाडा भक्कम ठोकळ्यांवर टेंकवावा. केवळ जॅकच्या भरंवशावर कोणीहि गाडीखालीं शिरूं नये. मग मागच्या दोन चाकांमधील अंतर वर आणि खालीं, तसेंच पुढें आणि मागें मोजावें. चारी अंतरें जुळलीं तर कवच सरळ. रिकाम्या गाडींतहि वरचें अंतर खालच्याहून कमी भरलें, तर ओझ्यानें कवच मध्यें कायमचें बसलें आहे. त्यानंतर कवचावरील चिखल, तेल व जुना रंग खरवडून काढावा. पाटे जेथें बसतात तो भाग विशेष स्वच्छ करावा. त्यावर रॉकेल लावून थोडा वेळ थांबावें, फडक्यानें कोरडें पुसावें आणि खडूची पूड चोळावी. चीर असेल तर तींत शिरलेलें रॉकेल पुन्हां बाहेर येतें आणि पांढऱ्या खडूवर ओली काळसर रेघ उमटते. ह्या परीक्षेला ना वीज लागते, ना यंत्र.

मग गोळा उघडावा. खालीं काढलेल्या तेलांत बोट फिरवून पोलादाचे कण लागतात कां पाहावें. दांतांना तेलांत कालविलेला शेंदूर लावून चाक फिरवावें. ठसा दांताच्या मध्यभागीं उमटला तर जोडी नीट आहे, टोंकाला किंवा बुडाला उमटला तर ती सरकली आहे. दांत तुटला असेल तर क्राऊन आणि पिनियन दोन्ही बरोबरच बदलावीं. तीं कारखान्यांत एकमेकांवर घासून जुळविलेलीं असतात, आणि एकाचें जुनें व दुसऱ्याचें नवें हा संसार टिकत नाहीं.

येथें पैशाचा विचार येतो. समजा नव्या कवचासह सर्व कामाचा खर्च १०० मानला आणि तात्पुरत्या दुरुस्तीचा २५. दुरुस्ती आठ महिने टिकली, तर वर्षाचा खर्च साडेसदतीस पडला. नवें काम पांच वर्षें टिकलें तर वर्षाला वीसच. परंतु गाडीच दोन वर्षांत निकालांत निघणार असेल, तर तेंच नवें काम वर्षाला पन्नास पडतें. म्हणजे आंसाचें आयुष्य गाडीच्या आयुष्याहून अधिक मोजतां येत नाहीं. सांगाडा, इंजिन व कागदपत्र ह्यांचाहि विचार त्याच वेळीं केला पाहिजे. आठ वर्षांहून जुन्या मालमोटारीस दरवर्षीं योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो, आणि पंधरा वर्षांवरील वाहनांचें शुल्क २०२२ पासून पुष्कळच वाढलें आहे.

सुटे भाग मिळतात कीं नाहीं, हाहि प्रश्न मोठा आहे. शेठ वालचंद हिराचंद ह्यांच्या प्रीमियर कारखान्यानें कुर्ल्यास १९४७ पासून जोडलेल्या फार्गो व डॉज मालमोटारी एके काळीं सर्वत्र दिसत. आज त्यांचे भाग शोधणें म्हणजे गवताच्या गंजींत सुई शोधणें. उलट १९५४ सालीं जर्मन कंपनीच्या सहकार्यानें जमशेदपुरास सुरू झालेल्या टाटा मालमोटारींच्या वंशजांचे भाग लहानशा गांवींहि मिळतात. भंगारवाल्याकडून जुना आंस घेणें स्वस्त खरें. पण तो घेतांना दांतांची संख्या, पाट्यांमधील अंतर, ब्रेकचे ड्रम व मधल्या दांड्याचें तोंड हें सर्व जुळवून पाहावें, आणि खडू-रॉकेलची परीक्षा दुकानांतच करावी. नाहीं तर दुसऱ्याची चीर पैसे मोजून घरीं आणल्यासारखें होतें.

ह्या मालकाच्या गाडीच्या कवचावर, डाव्या पाट्याच्या बैठकीजवळ, जुन्या वेल्डिंगच्या कडेनें ओली रेघ उमटली. वडिलांच्या वेळचें तें ठिगळ रंगाखालीं झांकून गेलें होतें. तेंच पुन्हां भरून घ्यावें, असा मोह कोणासहि होईल. परंतु पाट्यांच्या बैठकीजवळची चीर ही शाफ्टच्या चिरेसारखी नव्हे. शाफ्ट गेला तर गाडी थांबते; कवच गेलें तर चाक, ब्रेक आणि भार एकदम हातचे जातात, आणि तिरोड्याच्या रस्त्यावर सकाळीं सायकलीवरून शाळेंत जाणारीं मुलें असतात. तेथें रुपयांचें गणित संपतें.

गोळा उघडला तेव्हां दांत निर्दोष निघाले. म्हणून मालकानें मेहुण्याचेंहि सर्व ऐकलें नाहीं आणि मिस्त्रीचेंहि नाहीं. कवच नवें घेतलें, डावा शाफ्ट व दोन्ही बाजूंचीं बेअरिंगें व सीलें बदललीं. गोळा आणि उजवा शाफ्ट तपासून तेच ठेवले. पांच दिवस गाडी उभी राहिली. धान दुसऱ्याच्या मोटारीनें गिरणींत गेलें आणि त्या खेपांचें भाडेंहि गेलें. बायकोनें जपून ठेविलेल्या पैशांतून कवचाची रक्कम भरावी लागली.

काम पुरें झाल्यावर मिस्त्रीनें हात पुसतां पुसतां एकच गोष्ट विचारली, "भाऊ, कट्टे किती भरतां ?" खरा निर्णय ह्या प्रश्नांत होता. मागच्या चार टायरांच्या एका आंसावर कायद्यानें पूर्वीं १०.२ टन भार चाले. २०१८ मध्यें ती मर्यादा ११.५ टन झाली. परंतु कायद्यानें आंकडा वाढविला म्हणून जुन्या कवचाचें पोलाद जाड होत नाहीं. ज्या गाडीच्या नोंदणींत जेवढा भार लिहिला आहे, तेवढाच तिचा. त्याहून अधिक भरणारा मालक एका खेपेला थोडें जास्त भाडें मिळवितो आणि तें आंसाकडून उसनें घेतो. आंस तें कर्ज विसरत नाहीं. व्याजासह वसूल करितो, आणि तेंहि चढावर, पहांटे, ऐन हंगामांत.

मालकानें उत्तर दिलें नाहीं. पण दुसऱ्या दिवशीं गाडी भरतांना त्यानें हमालांना शेवटचा थर चढवूं दिला नाहीं. चालकानें आश्चर्यानें पाहिलें. खेपेचें भाडें कमी झालें, आणि घरीं त्याचा हिशेब द्यावा लागलाच. दुरुस्ती कीं बदल, ह्या प्रश्नाचें उत्तर कवच, गोळा व शाफ्ट ह्यांना निरनिराळें विचारावें लागतें, हें त्याला समजलें होतें. आणि ओझें तेंच राहिलें तर नवें लोखंड केवळ कांहीं दिवस मागून घेतें, हेंहि समजलें होतें. बोदलकशाच्या बांधावरून ती गाडी हलक्या आवाजानें गेली, तेव्हां तिच्या मागच्या आंसाकडे कोणी पाहिलें नाहीं. चांगल्या आंसाची खूण तीच.